गाडी घरीच धुता का? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

दसरा जवळ आला, वॉशिंग सेंटरवर रांगा लागणार, अन् घरी धुवावं म्हटलं तर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. तरीपण काही जणांच्या गाड्या लई चमकतात, ते नक्की काय करतात ते इथं लिहा. जाहिरात नको, स्वतः केलेलं सांगा. माझी पांढरी हॅचबॅक विजापूर रोडला उघड्यावर असते. सकाळी ऊन यायच्या आत धुतो, कारण बोनेट तापलं की शाम्पू जागेवरच वाळतो अन् पट्टे पडतात. पॉलिशमधलं मात्र मला काही कळत नाही.

----

जुळे सोलापूर, बोअरचं पाणी. आमच्या गीझरची कॉइल बघितली की कळतं पाण्यात काय आहे ते. गाडी काळी, त्यामुळं धुवून वाळली की पांढरे ठिपके, अन् कितीही शाम्पू लावा निघत नाहीत कारण ती घाण नाहीच, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. पांढरं व्हिनेगर अन् तेवढंच पाणी, गाडी सावलीत अन् थंड असताना ओल्या कापडानं मिनिटभर दाबून ठेवायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. लई जुने ठिपके रंगात उतरलेले असतात, ते व्हिनेगरला जुमानत नाहीत, तिथं पॉलिशच.
आता मी धुतो बोअरनं अन् शेवटचा हात साठवलेल्या नळाच्या पाण्यानं, बादलीभर पुरतं. उन्हाळ्यात एसीच्या पाइपखाली बादली ठेवतो, त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, काचेला तर एक नंबर. पण खरी गोष्ट म्हणजे पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, एक बाजू धुतली की ती पुसायची मगच पुढं.

----

मी टॉवेलच्या धंद्यातला, अक्कलकोट रोड एमआयडीसी. सगळे पाहुणे विचारतात, आपला सोलापूरचा टॉवेल गाडीला चालतो का. पाणी ओढायला चालतो, पण कोरा नको, चार धुण्यांनी मऊ झालेला घ्या, अन् किनारीची शिवण नि लेबल कापून टाका, ओरखडे त्यानंच येतात. पॉलिश पुसून काढायला मात्र मायक्रोफायबरच. त्यात पॉलिस्टर-पॉलिअमाइडचा चिरलेला बारीक धागा असतो, तो धूळ आत ओढून घेतो, आपला सुती लूप तीच धूळ पत्र्यावर फिरवत बसतो. धुताना सॉफ्टनर घालू नका, धागे बुजतात. पोटापाण्याच्या विरोधात बोललालो, पण आहे ते आहे.

----

रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. उन्हात बघा त्यांच्या गाडीवर, कोळ्याच्या जाळ्यागत गोल गोल रेघा. धुळीवर फडकं मारायचंच नाही बे, आधी पाणी सोडायचं.

----

आमच्याकडं गाडी मीच धुते. शेजारच्या शेतातला ऊस तोडून गेला अन् पाचट पेटवलं की टपावर काळी राख पडते, हात लावला की पसरते, म्हणून नुसत्या पाण्याचा मारा आधी, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला. वरनं खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. आणि दसऱ्याचं सांगते, हळदीकुंकवाचं स्वस्तिक थेट बोनेटवर काढलं अन् तसंच उन्हात राहिलं तर पांढऱ्या रंगावर डाग राहतो. मी काचेवर काढते. सासूबाई पहिल्यांदा नाराज झाल्या होत्या, आता त्याच काचेवर काढतात.

----

माझं पेंटिंगचं गॅरेज आहे म्हणून थोडं सविस्तर. रबिंग (खरखरीत पेस्टनं घासणं), पॉलिश (बारीक पेस्टनं घासून चमक काढणं) अन् वॅक्स (वरून लावायचा मेणाचा थर) ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक तिन्हीला पॉलिशच म्हणतात. क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा, रबिंग कंपाउंड तोच घासून पातळ करतं, म्हणून दरवर्षी रबिंग करणं म्हणजे रंग संपवणं. आधी हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवर फिरवा, खरखर लागली तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवा, पण भरपूर शाम्पूपाणी मारून. मग पॉलिश, तेही थोड्याच भागावर. शेवटी वॅक्स, जितकं पातळ तितकं चांगलं, धुरकट झालं की पुसायचं. जाडसर थापलं तर पुसता पुसता खांदा दुखतो, चमक तेवढीच. कार्नोबा, म्हणजे झाडापासूनचं वॅक्स, आपल्या उन्हाळ्यात लवकर उडतं, उघड्यावर गाडी असेल तर वॅक्सच्या जागी सिंथेटिक सीलंट घ्या. भांड्याचा साबण वॅक्स धुवून नेतो, वॅक्सनंतर तो लांब ठेवा.

----

वरच्या गॅरेजवाल्या दादांना, काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागून पांढरं झालंय, काय करू?

----

जुन्या टूथब्रशनं शाम्पूपाणी घासा, तरी राहिलं तर प्लॅस्टिकचं ड्रेसिंग लावा. पुढच्या वेळी आधी तिथं मास्किंग टेप मारा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.