सांता क्लाराचे लोक आळशी नाहीत, छेद चुकलाय

सनीव्हेलकर: काल इथे एकाने लिहिलं, फ्लोरिडातल्या सम्टर काऊंटीत लोकसंख्येच्या मानाने मतं किती पडतात आणि आपल्या कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात किती, म्हणजे आपले लोक आळशी! अहो, छेद कुठला घेतलात? भागायचं ते मत देऊ शकणाऱ्यांच्या संख्येने, सगळ्या लोकसंख्येने नव्हे. सम्टर म्हणजे ‘द व्हिलेजेस’, निवृत्तांची वसाहत. निम्म्याहून जास्त जनता पासष्टीपुढची, पोरंटोरं औषधाला सापडायची नाहीत. सांता क्लारात दहातले चार जण परदेशात जन्मलेले. त्यातले नागरिक झालेले सोडा, तरी व्हिसावाले उरतात, ग्रीनकार्डवाले उरतात, शिवाय शाळकरी मुलं. जनगणना खातं अठरा वर्षांवरच्या नागरिकांचे काऊंटीवार आकडे देतं. ते बघा, मग आळस काढा.

खवट_काका: बरं. मग पुढचंही बोला. मतदारसंघ आखताना मात्र सगळी डोकी धरून सारखे भाग पाडायचे! म्हणजे एकाच राज्यात जिथे मतदार कमी, तिथल्या मताला वजन जास्त. आमच्या टेक्सासातल्या ग्रामीण मतदारांनी हेच विचारलं, तर 2016 साली सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य असं परत पाठवलं.

एडिसनची_माई: बरोबरच केलं. आमदार काय फक्त मतदारांचा असतो? रस्ते, शाळा सगळ्यांनाच लागतात. न्यायमूर्ती गिन्सबर्गबाईंचं निकालपत्र वाचा.

खवट_काका: वाचलंय. कोर्टाने ‘असं चालेल’ म्हटलंय, ‘असंच करा’ नाही. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत का?

रांगेतला_राजा: वजनं मोजत बसा तुम्ही. माझी मुलगी इथे जन्मली, यंदा पहिलं मत देणार. मी अजून ग्रीनकार्डच्या रांगेत. वर्षाच्या ग्रीनकार्डांपैकी एका देशाला जास्तीत जास्त सात टक्के, मग तो भारत असो की आइसलँड! कर मात्र वेळेवर कापतात.

खवट_काका: आम्हीही थांबलो होतो. रडलो नाही.

रांगेतला_राजा: तुम्ही आलात तेव्हा रांग होती कुठे? चढून झालं की शिडी ओढून घेणारे तुम्ही.

सनीव्हेलकर: धागा ग्रीनकार्डवर नाहीये हो.

रांगेतला_राजा: मग कशावर आहे? तुमच्या छेदातून जे वगळले जातात, ते आम्हीच ना?

खवट_काका: पासपोर्ट भारताचा आहे ना? तिकडे मत द्या की.

रांगेतला_राजा: नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. तिकीट काढताय माझं?

एडिसनची_माई: काका, तुमच्या काऊंटीत तुरुंग आहे असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. जनगणनेत कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात. टेक्सासात शिक्षा भोगणाऱ्या गुन्हेगाराला मत नाही. म्हणजे बिनमताच्या डोक्यांचं वजन तुम्हालाही मिळतंय. तेव्हा नाही हो कोर्टात गेलात?

खवट_काका: कैद्यांपुरतं मान्य. त्यांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर मोजा, माझी हरकत नाही. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

रांगेतला_राजा: उपकार झाले. कैद्यांचं तरी मार्गी लागलं.