मदत हवी आहे: इंद्रजालची चिकटलेली पानं कशी सोडवायची?

फोंड्यात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक हाती लागलेत, वेताळ आणि फ्लॅश गॉर्डनचे. 1964 ते 1990 एवढाच मालिकेचा काळ, म्हणून पानन् पान वाचवायचंय. इथल्या दमट हवेनं पिना गंजल्यात. मधल्या पानावरची टोकं बोथट सुरीनं सरळ करून त्या पाठीकडून काढतोय. बुरशी सावलीत वाळवून, मास्क लावून मऊ ब्रशनं झाडतो. उन्हात रंग उडतात. स्कॅन 600 डीपीआयवर, पानामागे काळा कागद, नाहीतर मागची छपाई उमटते.

अडलंय ते ओल लागून चिकटलेल्या चार पानांवर. वाफेनं शाई पसरेल का? की बंद डब्यात नुसता दमटपणा देऊन सैल करावीत? किती तास? मधे बटर पेपर चालेल का? वर्तमानपत्री कागदावर हे केलेल्यांनी कृपया सांगावं.