तंबोऱ्याच्या पिकअपसाठी टीएल०७२चा प्रीॲम्प: खर्ज पोकळ, अडॅप्टरवर गुणगुण, लांब केबलवर आवाज फाटतो

मिरज_तंतू (प्रश्न)

नमस्कार. मिरजेत माझ्या मामांचा सतारी आणि तंबोरे तयार करण्याचा कारखाना आहे. दर्ग्यातील संगीत सभेसारख्या मोठ्या बैठकीत तंबोऱ्यासमोर माईक ठेवला, की शेजारचा तबला त्यात शिरतो आणि आवाज वाढवताच शिट्टी सुरू होते. म्हणून घोडीजवळ तबलीच्या आतल्या बाजूने २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनांचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) चिकटवून तिच्यासाठी छोटा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल आधीच वाढवणारे सर्किट, करावा, असे ठरले.

सर्किट असे आहे. पिझोची कपॅसिटी मीटरवर सुमारे २० नॅनोफॅरड दिसते. तिच्यापुढे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असून तेथून सिग्नल टीएल०७२ या दोन ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारे भाग) असलेल्या आयसीच्या पिन ३ वर जातो. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून पुरवठ्याचा मध्यबिंदू काढला आहे, त्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, आणि मध्यबिंदूपासून पिन ३ पर्यंत आणखी एक १०० किलोओहम. पहिल्या भागाचे गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, ११ (१० किलोओहम आणि १ किलोओहम, खाली १० मायक्रोफॅरड), तर दुसरा भाग नुसता बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारा भाग, म्हणून जोडला आहे. पिन ७ वरून १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट केबल निघते.

तक्रारी तीन आहेत. खर्जाची तार छेडली तर नुसती झणझण ऐकू येते, अंग येत नाही. नऊ व्होल्टच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर मोठी गुणगुण येते, बॅटरीवर ती बरीच कमी होते. आणि दोन मीटरच्या केबलवर स्वच्छ असलेला आवाज मंचापासून साउंड मिक्सरपर्यंतच्या दहा मीटरच्या केबलवर फाटका येतो. आयसी बदलून पाहिली, फरक पडला नाही. माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही, फक्त साधा पिवळा मल्टिमीटर आहे.

विश्रामबाग_बेंच

सर्किटचे वर्णन नेमके केल्याबद्दल आभार. बहुतेक वेळा पहिले चार निरोप आकृती मागण्यातच जातात. तरीही आकृतीवरून निदान करण्याआधी काही मापे हवी आहेत, कारण कागदावरचे सर्किट आणि बोर्डावरचे सर्किट एकच आहे याची खात्री मापांशिवाय होत नाही.

बॅटरीवर चालवून, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला ठेवून, पिन १, २, ३, ७, ८ आणि मध्यबिंदू यांची डीसी व्होल्टेज लिहावीत. नंतर मीटर मिलिअँपिअरवर लावून बॅटरीतून किती प्रवाह जातो, तो छोट्या केबलसह आणि मग लांब केबलसह मोजावा. अडॅप्टरवर ९ लिहिले असले तरी प्रत्यक्षात किती व्होल्ट येतात, तेही पाहावे.

गुणगुणीबद्दल एक वेगळा प्रश्न. तिचा स्वर कोणता आहे? ५० हर्ट्झ असेल तर ती बहुधा आसपासच्या वायरिंगमधून शिरत आहे, आणि १०० हर्ट्झ असेल तर अडॅप्टरमधील एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरलेली लहर आत येत आहे. स्कोप नसला तरी आपल्याकडे लावलेला तंबोरा आहे. काळी एकच्या तंबोऱ्यात पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर असते, त्यामुळे १०० हर्ट्झची गुणगुण त्या पंचमाच्या किंचित खाली बसेल आणि दोन्ही एकत्र वाजल्यास सेकंदाला सुमारे चार लाटा ऐकू येतील. इतके अचूक मापन कोणताही स्वस्त मीटर करणार नाही.

सातारा_ध्वनी

माझ्या मते टीएल०७२ काढून एनई५५३२ ही दुसरी ऑपॲम्प आयसी बसवावी. ध्वनीच्या कामासाठी ती अधिक शांत आहे, जास्त भार सहज ओढते आणि पिनाही त्याच आहेत. आमच्या सगळ्या मिक्सर दुरुस्त्यांत आम्ही हेच करतो.

मिरज_तंतू

मापे पुढीलप्रमाणे आहेत. बॅटरी आणि पिन ८ वर ९.१ व्होल्ट. पिन १, २ आणि ७ वर ४.५५. मध्यबिंदूवर ४.३ आणि पिन ३ वर मात्र ३.९५. हा फरक का, ते कळले नाही. पिन २ आणि पिन ३ वर सारखेच व्होल्टेज असले पाहिजे, असे वाचले होते.

प्रवाह छोट्या केबलवर ३ मिलिअँपिअर, लांब केबल लावताच ८. अडॅप्टरवर १२.८ व्होल्ट आहेत. गुणगुण पंचमाच्या जरा खालीच आहे आणि लाटा अगदी स्पष्ट ऐकू येतात. मामांनी तर मीटर न बघताच सांगितले की हा स्वर पंचमाला उतरलेला आहे.

विश्रामबाग_बेंच

मापांवरून तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असल्याचे दिसते, आणि आयसी कोणत्याही तक्रारीत दोषी नाही.

प्रथम पिन ३ चे कोडे सोडवतो, कारण त्यात बिघाड नाही. आपल्या मीटरचा स्वतःचा इनपुट रोध बहुधा १ मेगओहम आहे. साध्या पिवळ्या मीटरांमध्ये तो इतकाच असतो. पिन ३ कडे येणारा मार्ग मध्यबिंदूचा ५० किलोओहम (दोन १०० किलोओहम समांतर) आणि त्यापुढचा १०० किलोओहम असा एकूण १५० किलोओहमचा आहे. मीटर लावला की ४.५५ व्होल्टची या १५० किलोओहम आणि १ मेगओहममध्ये विभागणी होते आणि ३.९५ उरतात. मध्यबिंदूवर फक्त ५० किलोओहम असल्याने तेथे ४.३ दिसतात. हिशेब इतका तंतोतंत जुळतो की आपली जोडणी बरोबर आहे, याचा हा पुरावाच मानता येईल. पिन १ हे आउटपुट असल्याने मीटरच्या भाराने तेथे काही बदलत नाही. म्हणून अशा सर्किटचा डीसी समतोल पिन १ वर पाहावा.

आता खर्ज. पिझोचे २० नॅनोफॅरड आणि आपला १० नॅनोफॅरड एकापुढे एक जोडल्याने परिणामी सुमारे ६.७ नॅनोफॅरड उरतात. त्यांच्यासमोर १०० किलोओहम असल्यामुळे सुमारे २४० हर्ट्झच्या खालचे सर्व उतरणीला लागते. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या मूळ स्वराचा जेमतेम चौथा हिस्सा पिन ३ पर्यंत पोहोचतो, आणि वरचे स्वरांश मात्र पूर्ण ताकदीने येतात. आपण ज्याला झणझण म्हणता ती हीच. पिन ३ कडे जाणारा रेझिस्टर १ मेगओहमचा आणि पुढचा कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा करावा. मग ही मर्यादा दहा हर्ट्झच्याही खाली जाते.

गुणगुणीचा स्वर आपण नक्की केलात, त्यामुळे अडॅप्टरकडेच पाहायचे. ९ लिहिलेला अडॅप्टर १२.८ देतो, याचाच अर्थ त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर एवढाच संसार आहे. त्यातली १०० हर्ट्झची लहर मध्यबिंदूवर येते, आणि तेथील ०.१ मायक्रोफॅरड तिला पुरेसा अडवत नाही. ती पिन ३ वर जाते आणि सिग्नलबरोबर अकरापट होते. माझ्या हिशेबाने पुरवठ्यात जितकी लहर आहे तिच्या जवळजवळ दीडपट आउटपुटवर येत असावी. मध्यबिंदूवर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावल्यास हे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली जाते. १०० मायक्रोफॅरड लावण्याचा मोह टाळावा. त्यामुळे चालू केल्यावर सर्किट स्थिरावण्यास बरेच सेकंद लागतात आणि बैठकीत तेवढ्यात कोणीतरी बटण पुन्हा दाबते.

लांब केबलची तक्रार मला सर्वांत रोचक वाटते, कारण ती कानाने ओळखणे कठीण आणि मिलिअँपिअरने ओळखणे सोपे आहे. आवाज थोडा फाटला म्हणून कोणी ३ चे ८ मिलिअँपिअर ओढत नाही. शिल्डेड केबलची कपॅसिटी मीटरमागे ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरली, तर दहा मीटरला १ नॅनोफॅरड होतात. बफरमध्ये आउटपुट पूर्णपणे उलट इनपुटला परत जाते, आणि अशा जोडणीत थेट कपॅसिटरचा भार आला की आउटपुटचा प्रतिसाद उशिरा परततो आणि ऑपॲम्प स्वतःच डोलू लागतो. हे डोलणे शेकडो किलोहर्ट्झच्या घरात असल्याने कानाला ऐकू येत नाही. पण आउटपुटची बहुतेक जागा त्याने व्यापलेली असते, त्यामुळे खरा सिग्नल फाटतो. जास्तीचा प्रवाह त्या १ नॅनोफॅरडला वर-खाली भरण्यात जातो. पिन ७ आणि आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालावा, मात्र पिन ६ कडे परत जाणारी तार पिन ७ वरच राहू द्यावी. रेझिस्टरच्या पलीकडून ती घेतली तर काहीच साधणार नाही.

सातारा_ध्वनी यांच्या सूचनेबद्दल: मिक्सरमध्ये, जिथे स्रोताचा रोध काही किलोओहम असतो, तिथे एनई५५३२ उत्तम आहे. येथे मात्र तिचा इनपुट प्रवाह आडवा येतो. तो साधारणपणे २०० नॅनोअँपिअर असतो आणि १ मेगओहममधून गेला की ०.२ व्होल्ट इतका समतोल ढळतो. टीएल०७२चा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजतात. शिवाय त्या प्रवाहाचा गोंगाटही पिझोसारख्या मोठ्या रोधाच्या स्रोतावर व्होल्टेज बनून ऐकू येतो.

कृपया तिन्ही बदल एकदम करू नयेत. एक बदल, मग पुन्हा मापे, मग पुढचा.

सातारा_ध्वनी

इनपुट प्रवाहाचा मुद्दा मान्य आहे. तरीही दुसऱ्या भागापुरती, म्हणजे बफरसाठी, ५५३२ अधिक योग्य ठरली असती, असे माझे मत कायम आहे. पण दोन्ही भाग एकाच आयसीत असल्याने त्यासाठी आणखी एक आयसी लावावी लागेल आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर तेवढा प्रवाह परवडणार नाही, हेही खरे.

कुपवाडकर

थोडी भर घालतो. पिझोच्या पितळी चकतीला केबलची जाळी आणि मधल्या पांढऱ्या भागाला आतली तार जोडावी. उलट केले तर पितळी बाजू अँटेनासारखी वागते. पिझोपासून बोर्डापर्यंतची तार कितीही छोटी असली तरी शिल्डेडच हवी, कारण १ मेगओहम केल्यावर हा भाग आधीपेक्षा अधिक संवेदनशील होईल. पिन ८ आणि पिन ४ यांच्यामध्ये, आयसीला अगदी खेटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असावा. आकृतीत तो दिसला नाही.

मिरज_तंतू

सांगितल्याप्रमाणे एकेक बदल केला. १०० ओहम घालताच लांब केबलवरही प्रवाह ३ मिलिअँपिअरवर आला आणि आवाज स्वच्छ झाला. मध्यबिंदूचा कपॅसिटर बदलल्यावर गुणगुण इतकी खाली गेली की तारा बंद ठेवून कान लावला तरच जाणवते. खर्जाला आता अंग आले आहे. मामांना तो किंचित जास्तच वाटतो, पण ते मिक्सरवर उतरवता येईल.

दोन गोष्टी उरल्या. पिन ३ वर आता २.२ व्होल्टच दिसतात, पिन १ वर मात्र ४.५५. हा वर सांगितलेला मीटरचाच परिणाम समजावा का? आणि तंबोरा ठेवताना किंवा घेताना तबलीला हात आपटला, तर स्पीकरमधून फटाक्यासारखा आवाज येतो. आपटण्याच्या मानाने तो फारच मोठा आहे.

विश्रामबाग_बेंच

होय, मीटरच. आता मार्ग १ मेगओहम अधिक ५० किलोओहमचा आहे आणि मीटर १ मेगओहमचा, म्हणून जवळजवळ निम्मे दिसते.

फटाक्याचे कारण टीएल०७२चा एक जुना स्वभाव आहे. तिचा इनपुट ऋण पुरवठ्याच्या दोन-तीन व्होल्ट जवळ गेला की आउटपुट खाली जाण्याऐवजी एकदम उलट, वर उडी मारते. पिझोला टकटक केली तर काही व्होल्टचा झटका सहज निघतो, आणि आपला मध्यबिंदू ४.५ व्होल्टवरच असल्याने त्या सीमेपर्यंतचे अंतर कमी आहे. बॅटरी ७ व्होल्टपर्यंत उतरली की ते आणखी कमी होईल.

इनपुटचे डायोड पुरवठ्याच्या दोन टोकांना जोडण्याची रीत येथे पुरणार नाही, कारण तोवर सीमा ओलांडलेली असते. त्याऐवजी १एन४१४८चे दोन डायोड पिन ३ आणि मध्यबिंदू यांच्यामध्ये एकमेकांच्या उलट दिशेने समांतर लावावेत, आणि १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरनंतर, डायोडांच्या आधी, १० किलोओहमचा रेझिस्टर घालावा. मग पिन ३ मध्यबिंदूपासून साधारण ०.६ व्होल्टपेक्षा दूर जाणार नाही. गेन ११ असल्याने इनपुटवर पाव व्होल्टच्या आसपासच आउटपुट भरते, त्यामुळे नेहमीच्या छेडण्यात या डायोडांमुळे फारसे काही हरवत नाही. अगदी जोराच्या छेडीची शिखरे तेवढी किंचित मऊ होतील.

डायोड बसवल्यावर पिन १ पुन्हा मोजावी, ४.५५ च्या जवळच राहिली पाहिजे. आणि त्या दोन्ही डायोडांवर काळी स्लीव्ह चढवावी. १एन४१४८चे आवरण काचेचे असते, त्यावर प्रकाश पडला की आतील जोड अत्यल्प प्रवाह निर्माण करतो आणि १ मेगओहमवर तोही ऐकू येऊ शकतो. उघड्या बोर्डावर कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली पुन्हा तीच १०० हर्ट्झची गुणगुण आली, तर अडॅप्टरकडे जाण्याआधी डायोडांवर हाताची सावली धरून पाहावी.