सत्तावन्नाव्या वर्षी पाचारण? लेक म्हणतो, डोकं फिरलंय

रहाटकाठ:
मंडळी, भांडायचं तर खुशाल भांडा, पण गोडगोड बोलू नका.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. निवृत्त शिक्षिका, वय 57. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा-सून याच वाडीत, मुलगी आखातात. गेली चार वर्षं मिस्साला बसले की एकच गोष्ट मनात येते, देवाचं पाचारण (बोलावणं) आहे, धर्मभगिनी व्हावं. पहिलं वर्षभर माझी मलाच हसले. दुसऱ्या वर्षी फादरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, घाई करू नका आणि विसरूनही जाऊ नका.

चार काँग्रिगेशनना (धर्मभगिनींच्या संघांना) पत्रं टाकली. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की पस्तिशीच्या पुढे घेत नाही. एकीने उत्तरच दिलं नाही. चौथीने आठ दिवस राहून बघायला बोलावलं, राहून आले.

माझं म्हणणं एवढंच: कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, नोव्हिशिएटसाठी (व्रतांआधीच्या उमेदवारीसाठी) किमान वय 17 लिहिलंय, कमाल वय कुठेही नाही. कमाल वयाची अट ज्या त्या संघाच्या घटनेतली. आमच्या लहानपणी घरटी पाच-सहा मुलं, त्यातली एखादी सिस्टर व्हायचीच. आज घरात एक मूल, फार तर दोन. मुली येत नाहीत म्हणून हळहळायचं आणि दारात उभ्या असलेल्या बाईला जन्मतारीख विचारायची, हे मला पटत नाही.

वेंगुर्लेकर:
खरां सांगू, ताई? राग मानू नका. माझी आत्या 40 वर्षं सिस्टर आहे. तिच्या सिस्टरांच्या घरात आज सातजणी, पैकी पाच सत्तरीपलीकडच्या. सुपीरियर, म्हणजे घराची प्रमुख, 38 वर्षांची. ती दिवसा शाळा बघते आणि रात्री दोघींचे डायपर बदलते. मी स्वतः पाहिलंय, खोटां सांगूचा नाय. तुम्ही अजून आठ-दहा वर्षं धडधाकट राहाल, मग? सभासदांना लागेल ते सगळं पुरवायचं हे काँग्रिगेशनवर बंधन आहे. म्हणजे तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्या पोरीच्या माथी. पाचारण तुम्हाला, ओझं तिला. याला काय म्हणायचं?

नियमांवर_बोट:
दोघांनाही थोडं गणित देतो. नोव्हिशिएट किमान 12 महिने, त्याआधी पोस्टुलंट (अगदी पहिल्या पायरीची उमेदवार) म्हणून काही काळ, मग तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं, तेव्हा कुठे अंतिम व्रतं. हे झालं सेवाकार्य करणाऱ्या संघांचं. कार्मेलसारख्या एकांतवासी मठांसाठी रोमने 2018 साली काढलेल्या सूचनेत प्राथमिक प्रशिक्षणच किमान नऊ वर्षांचं आहे. ताई आज मठात गेल्या तर अंतिम व्रतं सहासष्टाव्या वर्षी.

विधवा असणं आड येत नाही. आड येतो तो हयात नवरा आणि न फिटणारं कर्ज.

पानवेल:
व्हिजिटेशन या सिस्टरांच्या संघाचा इतिहास कुणी काढत नाही म्हणून मी काढते. संत जेन फ्रान्सिस द शांताल. नवरा 1601 मध्ये शिकारीत गोळी लागून गेला, पदरात चार मुलं. 1610 मध्ये संत फ्रान्सिस द सेल्स यांच्यासोबत तिने हा संघ काढला तो मुळात अशाच बायकांसाठी. विधवा, वयस्क, प्रकृतीने नाजूक, ज्यांना कडक मठ दारात उभं करत नव्हते त्या. म्हणजे ही मागणी रहाटकाठताईंची नवी नाही, चारशे वर्षं जुनी आहे.

आणि बायबलमध्ये पौलाने तिमथीला काय लिहिलंय? विधवांच्या यादीत नाव घालायचं तर ती साठ वर्षांच्या आतली नसावी. तिथे साठ ही किमान अट होती! आपण ती उलटी टांगली.

वेंगुर्लेकर:
पानवेल, अर्धंच वाचलंत. त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, पौल म्हणतो की विधवेला मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्माने वागायला शिकावं. ती यादीही मठाची नव्हे. ज्या निराधार बायकांचा सांभाळ ख्रिस्ती मंडळीने करायचा, त्यांची. ताईंना पेन्शन आहे, वाडी आहे, मुलगा शेजारी आहे. आणि त्या शांतालबाईचंच घ्यायचं तर तिचा पोरगा उंबऱ्यात आडवा पडला आणि ती त्याला ओलांडून गेली, असं तिच्या चरित्रात सांगतात. मला तरी त्या पोराचीच दया येते.

सून_आहे_मी:
मी दुसऱ्या बाजूने बोलते. ताई, तुमच्या मुलाला पाचारणाचं काहीएक पडलेलं नाही. दुपारी साडेतीनला शाळेच्या बसपाशी कोण उभं राहणार, हा त्याचा प्रश्न आहे. माझ्या नवऱ्याचाही हाच होता. सासूबाई गावच्या प्रार्थना गटासोबत वेलंकनीला आठ दिवस गेल्या तर घरात जणू सुतक. बाई देवाकडे निघाली की सगळ्यांना अचानक तिची माया आठवते.

पण एक विचारते. तुम्हाला सिस्टर व्हायचंय की घरातून सुटायचंय? दुसऱ्याला माझी ना नाही, पण त्यासाठी व्रतं कशाला?

रहाटकाठ:
सून_आहे_मी, बरोबर नाडी पकडलीत. बस 3:30 चीच आहे.

सुटण्याचं मी स्वतःलाही विचारलंय. त्या आठ दिवसांतली एक गोष्ट सांगते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझी पाळी होती. विशीतली एक नोव्हिस पेजेला तांदूळ मोजून देत होती. मी म्हटलं, अगं एवढ्यात गिचका होईल, एक मूठ कमी कर. ती गप्प राहिली आणि मी मूठभर तांदूळ काढून परत डब्यात टाकले. जेवणाच्या टेबलावर पेज पाण्यासारखी. संध्याकाळी कळलं की एका आजारी सिस्टरला घट्ट पेज लागते, म्हणून ते माप ठरलेलं होतं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट माझ्या खुर्चीवर उशी ठेवली होती, बाकी सगळ्या बाकावर. त्या उशीने मला जास्त टोचलं. तीस वर्षं मी वर्गात पोरांना सांगत आले. मला कुणी सांगितल्याला काळ लोटला.

म्हणून माझी भीती म्हातारपणाची नाही. तीन व्रतांपैकी दारिद्र्य जमेल, ब्रह्मचर्याचं तर बोलायलाच नको, आज्ञापालनाला मी घाबरते.

एक_सिस्टर:
नाव लिहीत नाही. उशी का ठेवली ते सांगते: तुम्ही पाहुण्या होतात. आठ दिवसांत पाचारण कळत नाही, फक्त घर दिसतं. सहा महिने उशीशिवाय राहा, मग बोलू.

वेंगुर्लेकरांशी मी अर्धी सहमत. आम्ही वयाची अट निष्ठुरपणे ठेवत नाही. चाळिशीनंतर सवयी हाडात मुरतात, बदली झाली की झोप उडते, आणि भाषा नवी शिकावी लागली तर पंचाईत. पण अपवाद करता येतो आणि करायला हवा. बाई बाई बघून ठरवावं, छापील कागद बघून नव्हे. आमच्याकडे विशीत आलेल्या कितीतरी जणी परतल्या आहेत.

माजी_नोव्हिस:
परतलेल्यांतली मी एक, म्हणून पैशाचं बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. ताई, भक्तीच्या भरात वाडीचं बक्षीसपत्र करून बसू नका. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार तुम्हाला हव्या त्या माणसाकडे द्यायचा असतो, मालकी तुमचीच राहते. मृत्युपत्र अंतिम व्रतांआधी करायचं. पेन्शन मात्र व्रतांनंतर काँग्रिगेशनची, त्यांच्या घटनेत वेगळं काही नसेल तर. आणि चार वर्षांनी बाहेर पडलात तर केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. त्यांनी माणुसकीने आणि न्यायाने वागावं एवढंच कायदा सांगतो. मी 24 व्या वर्षी बाहेर पडले, नोकरी मिळाली. तुम्ही 61 व्या वर्षी काय कराल?

नियमांवर_बोट:
आणखी एक वाट कुणी सांगितली नाही म्हणून. कुमारिकांचं समर्पण कॅनन 604 मध्ये आहे, पण लग्न झालेलं असल्याने ते ताईंना लागू नाही. 1996 साली जॉन पॉल दुसरे यांनी समर्पित जीवनावरच्या पत्रात मात्र विधवांच्या समर्पणाचा स्पष्ट उल्लेख केलाय. आपल्याच घरी राहून ब्रह्मचर्याचं व्रत. शिवाय कार्मेल आणि फ्रान्सिस्कन, दोन्हींत प्रापंचिकांची शाखा आहे. कॉन्व्हेंट हे एकच दार नाही.

पानवेल:
म्हणजे पुन्हा घरीच बसा! संत गोन्सालो गार्सिया आपल्याच वसईचा. आधी व्यापारी होता, धंदा सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, 1597 मध्ये नागासाकीत हुतात्मा. त्याला कुणी सांगितलं नाही की दुकान सांभाळून घरीच प्रार्थना कर.

वेंगुर्लेकर:
गोन्सालो तिशीतला गडी होता ओ. गुडघे धड होते.

सून_आहे_मी:
हसले. पण पानवेलचं पटतं. पुरुषाने धंदा सोडला की त्याग, बाईने नातू सोडला की डोकं फिरलंय.

रहाटकाठ:
एक_सिस्टर, तुमचं मनावर घेतलं. जिथे आठ दिवस राहिले त्या काँग्रिगेशनलाच पुन्हा पत्र लिहिलंय. पावसाळा संपला की सहा महिने येते, पाहुणी म्हणून नको, आणि पेजेचं माप आधी सांगा. वयाच्या अटीबद्दल माझं मत तेच आहे, पण पेजेच्या बाबतीत मी चुकले हेही तितकंच खरं. नियमांवर_बोट, विधवांच्या समर्पणाचं फादरांना विचारते, तोवर तेही मनात राहू दे. वेंगुर्लेकर, तुमच्या आत्याच्या सुपीरियरसाठी एक रोजरी (जपमाळ) केली काल. ते डायपरचं डोक्यातून जात नाही.

माजी_नोव्हिसने लिहिलेलं मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. पेन्शनपाशी आल्यावर म्हणाला, म्हणजे पैसेही त्यांनाच? सून आतून ओरडली, तुम्ही आधी बसचं काय ते बघा.

येते आता. तीन वाजून वीस झालेत, कोपऱ्यावर पोचायला हवं.