डॉक्टर-नर्सना ‘संस्कृती’ शिकवायची सक्ती: उपयोग किती, हजेरी किती?

शंकेखोर (धागाकर्ता)

वेगळ्या भाषेच्या, धर्माच्या, समाजाच्या रुग्णाशी कसं वागावं हे आरोग्यसेवेतल्या लोकांना शिकवायचं, याला ‘सांस्कृतिक सक्षमता प्रशिक्षण’ म्हणतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने तर २००५ मध्ये डॉक्टरांच्या परवान्यासाठीच ते आवश्यक केलं. बऱ्याच ठिकाणी त्याचं प्रत्यक्ष रूप म्हणजे एक ऑनलाइन कोर्स, पुढे-पुढे दाबत जायच्या स्लाइड्स, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि प्रमाणपत्र.

माझं म्हणणं सरळ आहे. या स्वरूपातलं प्रशिक्षण उद्या बंद केलं तर रुग्णाचं काही बिघडणार नाही, उलट काहींचं भलंच होईल.

मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ च्या एका लेखात एक प्रसंग दिला आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी एक लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची) बाई कण्हत पडली आहे. दुसऱ्या विभागातून आलेला लॅटिनो डॉक्टर नर्सला म्हणतो, हिला बरंच दुखतंय असं दिसतंय. नर्स त्याला उडवून लावते. का? तर नर्सिंगच्या शिक्षणात तिने या विषयाचा कोर्स केलाय आणि या लोकांना दुखणं वाढवून सांगायची सवय असते हे तिला ‘माहीत’ आहे. बाई समोर कण्हतेय, आणि नर्स नोट्सवर विश्वास ठेवतेय! ही नर्स स्वतः कृष्णवर्णीय होती, म्हणजे गोऱ्यांचा अहंकार वगैरे म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. आणि हे जुनं झालं म्हणाल, तर २०१७ मध्ये एका मोठ्या प्रकाशनाला नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातला असाच मजकूर माफी मागून काढावा लागला. कुठल्या समाजाचे लोक वेदना कशी व्यक्त करतात याची त्यात चक्क यादी होती.

परिणामांचं म्हणाल तर २००५ मध्ये एका गटाने ३४ अभ्यास एकत्र तपासले. प्रशिक्षण घेतलेल्यांचं ज्ञान वाढलं, दृष्टिकोन सुधारला, असं दिसलं. पण रुग्णाची तब्येत सुधारली का, हे त्यातल्या एकाही अभ्यासाने मोजलं नव्हतं. २०१० मध्ये मधुमेहाच्या कृष्णवर्णीय रुग्णांबाबत ते मोजलं गेलं. डॉक्टरांना प्रशिक्षणही दिलं आणि त्यांच्याच रुग्णांचे वंशवार आकडेही हातात दिले. वर्षभराने डॉक्टरांना काळ्या-गोऱ्या रुग्णांमधल्या दरीची जाणीव जास्त झाली होती. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब मात्र होते तिथेच.

‘संवेदनशीलता हवीच’ एवढंच लिहिणार असाल तर ते मलाही मान्य आहे. त्याच्या पुढचं बोला.

रात्रपाळी

असहमत. वॉर्डात आयुष्य गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या उदाहरणातल्या नर्सला वाईट शिकवलं होतं. त्यावरून शिकवूच नये हा निष्कर्ष कसा निघतो? आणि कोर्स नसता तर ती कोऱ्या मनाने खाटेपाशी गेली असती असं वाटतं का तुम्हाला? २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि निवासी डॉक्टरांचा अभ्यास झाला. काळ्या माणसाची कातडी जाड असते वगैरे खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती. ज्यांना अशा समजुती होत्या त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. हे त्यांना कुठल्या स्लाइडने शिकवलं? पूर्वग्रह फुकट मिळतो हो. तो काढायलाच शिकवणी लागते.

आता चांगल्या प्रशिक्षणात काय असतं ते सांगते. आम्हाला याद्या दिल्या नाहीत. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ-मानववंशशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलेले प्रश्न दिले. तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं? तेव्हाच का सुरू झालं असेल? या आजाराची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? असे आठ. मग एकमेकींना रुग्ण करून ते विचारायचा सराव, आणि मध्येच तोडून बोललं की प्रशिक्षक थांबवायचे.

आमच्याकडे एक बाई साखर वाढून पुन्हा पुन्हा दाखल व्हायच्या. फाइलवर ठळक अक्षरात ‘औषध घेत नाही’. मी भीतीचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, घरात दोघांना इन्सुलिन सुरू झालं आणि दोघांचेही पाय कापावे लागले, मला पाय हवेत. त्यांच्या हिशेबात पाय इन्सुलिनने नेले होते. गँगरीन आधीपासूनच होतं, इन्सुलिन उशिरा आलं, हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे जण ‘घ्या’ म्हणत होते, ‘का घेत नाही’ हे कोणी विचारलं नव्हतं.

शंकेखोर

रात्रपाळीताई, उदाहरण आवडलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. यात संस्कृती कुठे आहे? अशी भीती कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही देशातल्या बाईला वाटू शकते. तुम्ही केलंत त्याला हिस्टरी घेणं (रुग्णाला विचारून त्याच्या आजाराची माहिती काढणं) म्हणतात, ते पहिल्या वर्षापासून शिकवायला हवं. त्यासाठी वेगळी पाटी, वेगळा विभाग आणि सल्लागाराची फी कशाला? खुद्द क्लाइनमननेच २००६ मध्ये एका सहलेखकाबरोबर लिहिलंय की संस्कृती म्हणजे डॉक्टरने आत्मसात करायचं एखादं तांत्रिक कौशल्य, ही समजूतच घोटाळ्याची आहे.

बाह्यरुग्ण_विभाग

आठ प्रश्न! बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. एकेका रुग्णाला आठ प्रश्न विचारत बसलो तर संध्याकाळी रांगेतलेच दोघे बेशुद्ध पडतील. डॉक्टरने आजार बघावा. न्यूमोनियाचा जंतू जात-धर्म विचारून फुप्फुसात शिरत नाही, आणि अँटिबायोटिकही सगळ्यांना तेच लागतं. रुग्णाने काय मानावं हा त्याचा प्रश्न, मी काय द्यावं हा माझा.

दुसरी_बाजू

@बाह्यरुग्ण_विभाग, अँटिबायोटिक सगळ्यांना तेच, हे खरं. ते पोटात गेलं तर.

लिया ली हे नाव वैद्यकीय महाविद्यालयांत अजून निघतं ते याचसाठी. कॅलिफोर्नियातल्या मर्सेडमधली, लाओसमधून आलेल्या ह्मोंग (तिथला एक डोंगराळ समाज) निर्वासित कुटुंबातली मुलगी. तान्ही असल्यापासून फिट यायच्या. आई-वडिलांच्या समजुतीप्रमाणे तिचा आत्मा वाट चुकला होता. डॉक्टरांच्या दृष्टीने एपिलेप्सी. औषधं सारखी बदलत होती, मात्रा गुंतागुंतीच्या, लेबलं इंग्रजीत आणि पालक निरक्षर. औषध नीट दिलं जात नाही म्हणून मुलीला काही काळ दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवण्याचा आदेश निघाला. १९८६ च्या अखेरीस एक मोठा झटका आला, त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही. आई-वडिलांनी तिला घरी सांभाळलं, २०१२ मध्ये ती जाईपर्यंत. डॉक्टर हुशार होते, कष्टाळू होते, रात्री-अपरात्री धावत यायचे. आजारच बघत होते ते.

शंकेखोर

ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. त्या शेवटच्या झटक्याच्या वेळी लियाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला होता. तेव्हा ‘संस्कृती समजली असती तर मुलगी वाचली असती’ हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. आणि त्या रुग्णालयात सगळ्यात आधी काय नव्हतं? रात्री ह्मोंग बोलणारा माणूस. बाकी सगळं त्यानंतर.

दुभाषी

शंकेखोर, नेमक्या मुद्द्यावर आलात. मी हेच काम करते.

अजूनही सर्रास चालतं ते असं. आई तपासायच्या टेबलावर, दहा-अकरा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात, आणि डॉक्टर मुलाला म्हणतात, विचार आईला, पाळी कधीपासून अनियमित आहे. मुलगा खाली बघतो, आईला भलतंच काहीतरी विचारतो, आईही भलतंच सांगते, डॉक्टर लिहून घेतात. ‘सगळं नॉर्मल आहे म्हणते.’ यात सगळे जण सभ्यपणे वागलेले असतात!

२०१२ मध्ये लहान मुलांच्या आपत्कालीन विभागातल्या संवादांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णाला भोवू शकतील अशा चुकांचं प्रमाण व्यावसायिक दुभाष्यांकडून १२ टक्के, नातेवाईक किंवा हाताशी आलेला कर्मचारी असेल तर २२ टक्के, दुभाषी नसेलच तर २० टक्के. म्हणजे चुलतभावाला मध्ये घालणं हे कोणीच नसण्याइतकंच वाईट. आणि ज्या दुभाष्यांचं किमान १०० तास प्रशिक्षण झालं होतं त्यांच्याकडून फक्त २ टक्के. ज्यांना प्रशिक्षणाचा पुरावाच हवा होता त्यांनी हा आकडा बघावा. फक्त शिकवायचं कोणाला, हा प्रश्न बदला.

बाह्यरुग्ण_विभाग

दुभाषीबाईंना +१. असा माणूस दिला तर माझी रांग उलट लवकर हलेल.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण चर्चा फारच सोयीच्या बाजूला चालली आहे म्हणून.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) नर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती शिक्षणात आणली. त्यात माओरींचे रीतिरिवाज पाठ करायचे नसतात. नर्सने स्वतःला तपासायचं असतं: माझ्या हातात कसली सत्ता आहे, मी काय गृहीत धरते. आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवणार रुग्ण, प्रमाणपत्र देणारा नाही. यावर तिथे वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला होता. याद्या वाटल्या असत्या तर कोणी हूं की चूं केलं नसतं, कारण यादीत दुसऱ्याबद्दल लिहिलेलं असतं.

त्यामुळे शंकेखोर, ‘नुसतीच हिस्टरी घ्या’ हे मला पुरेसं वाटत नाही. हिस्टरी घेणारा उभा आणि देणारा आडवा असतो.

मात्र प्रशिक्षणवाल्यांसाठीही एक गोष्ट. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर ऑक्सिजन जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने न पकडलेली धोकादायक घट काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा निघाली, गोऱ्यांत ३.६ टक्के. आता करा नर्सला कितीही नम्र, यंत्र ९४ दाखवतंय तर ती ९४ च लिहिणार. काही भेदभाव माणसांना वर्गात बसवून जात नाहीत, त्यासाठी यंत्र बनवणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला धरावं लागतं. व्यवस्थापनाला कोर्स आवडतो तो यासाठीच. स्वस्तात सुटका होते.

रात्रपाळी

ऑक्सिमीटरचं पटलं. पण आकडा ९४ असताना रुग्ण ‘दम लागतोय’ म्हणत असेल तर त्याचं ऐकून एबीजी (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारी तपासणी) पाठवायचं की ‘घाबरलाय’ म्हणून पंखा लावायचा, हे कोणी ठरवायचं? तेवढ्यापुरती तरी खाटेपाशी मीच असते.

आणि सक्ती नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, ऐच्छिक ठेवलं तर येणार कोण? दुभाषीबाई येतील, मी येईन. ज्यांनी यायला हवं ते राउंड संपवून निघून गेलेले असतात.

शंकेखोर

ठीक, मग सक्ती ठेवा, पण परीक्षा बदला. बहुपर्यायी प्रश्न बंद. खऱ्या रुग्णासमोर, खऱ्या दुभाष्यासोबत दहा मिनिटांची मुलाखत, आणि गुण रुग्णाने द्यायचे. वरिष्ठांपासून सुरुवात करायची. याला तयार असाल तर माझा विरोध मागे घेतो.

बाह्यरुग्ण_विभाग

रुग्ण गुण देणार? ज्याला मी अँटिबायोटिक नाकारलं तो शून्य देईल, आणि जो मागेल ते लिहून देतो त्याला दहापैकी दहा. हे आधी सोडवा, मग सक्तीचं बोला.

दुभाषी

ते सुटण्यासारखं आहे. ‘डॉक्टर आवडले का’ हे विचारायचंच नाही. रुग्णाला बाहेर आल्यावर विचारायचं, औषध कुठलं, किती वेळा, कशासाठी, आणि काय झालं तर परत यायचं. चारही बरोबर सांगता आलं तर डॉक्टर पास, अँटिबायोटिक नाकारलं असलं तरी. मी विचारते कधीकधी, दाराबाहेर. पुष्कळांना पहिल्या दोनच्या पुढे जाता येत नाही.