मदत हवी आहे: ४८,००० किमी झालेली २५० सीसी ड्युअल-स्पोर्ट अजून किती साथ देईल?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक सिलिंडरची, एअर-कूल्ड २५० सीसी ड्युअल-स्पोर्ट (डांबरी रस्ता आणि माती दोन्हीकडे चालणारी मोटारसायकल) आहे. ११ वर्षं झाली, काटा ४८,००० वर आलाय. निम्म्याहून जास्त डांबरी रस्ता, बाकी माती आणि दगडगोटे. ऑइल दर ३,००० किमीला न चुकता बदलते. इंजिन आजवर खोललेलं नाही.

गेल्या दोन महिन्यांत मात्र काहीतरी बिघडलंय. १,००० किमीला जवळजवळ २५० मिली ऑइल गायब होतं, आणि मावतंच मुळी १.३ लिटर. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की निळसर धूर येतो, अर्ध्या मिनिटात जातो. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक बंद झाली, म्हणून मला बरंच वाटलं होतं, पण गाडी तापलेली असताना बंद केली की पुन्हा सुरू व्हायला फार छळते.

एक गोष्ट लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती, तिथे एअर फिल्टर तिरका बसवला गेला. मला कळलं १,२०० किमीनंतर. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीत बोट घातलं तर आतून पिवळट धूळ निघाली, चिमटीत चोळली तर वाळूसारखी कचकच लागत होती. तेव्हापासून फिल्टर मीच धुते, पण व्हायचं ते नुकसान झालंच असेल अशी धाकधूक आहे.

कुणी म्हणतं ५० हजारांत ही इंजिनं संपतात, वेळेत विकून टाक. कुणी म्हणतं लाखभर किमी कुठे गेले नाहीत. मला ती विकायची नाहीये. इंजिन खोलायच्या आधी काय तपासलं म्हणजे खरी परिस्थिती कळेल? आणि काम केलंच तर पुढे पुन्हा तेवढीच चालेल का?

(पाच वर्षांपासून पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १४ ऐवजी १३ दातांचं आहे. चढावर बरं पडतं म्हणून बदललं होतं.)

प्रतिसाद १

किमीवर फार जाऊ नका, इंजिनाचे फेरे बघा. हायवेला ९० च्या वेगात इंजिन ६,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरत असेल तर एका किमीला ४,००० फेरे होतात. दगडांतून २० च्या वेगाने, खालच्या गिअरमध्ये ५,००० आरपीएमला चाललात तर एका किमीला १५,०००. काटा दोन्हीकडे एकच किमी दाखवतो. म्हणून निव्वळ हायवेवरची ८०,००० किमीची गाडी डोंगरात राबलेल्या ४०,००० वाल्या गाडीपेक्षा ठणठणीत निघू शकते.

१३ दातांचं स्प्रॉकेट रोजच्या रस्त्यावर नको. त्याच वेगाला इंजिन सुमारे ८ टक्के जास्त फिरतं, आणि छोट्या इंजिनाला ते हायवेवर तासन्तास सोसावं लागतं. होंडाने २०२१ मध्ये सीआरएफ २५० एलची ३०० एल केली तेव्हा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६ मिमीच ठेवला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५५ चा ६३ केला, २४९ चे २८६ सीसी झाले. खालच्या आरपीएमला जोर मिळाला की इंजिन पिळावं लागत नाही. तुम्ही निदान १४ चं परत लावा.

प्रतिसाद २

ताई, टॅपेट वाजायचे थांबले यात आनंद मानू नका. व्हॉल्व्हची सीट (तो मिटताना जिथे टेकतो ती जागा) झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि त्याच्या व त्याला दाबणाऱ्या भागाच्या मधली फट कमी होते, एक्झॉस्टची बहुधा आधी. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम असताना तर नाहीच. तुमचा गरम इंजिनाचा त्रास मला तिथलाच वाटतोय. असंच चालवत राहिलात तर व्हॉल्व्हची कड जळते. इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभं राहिल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेला) आणून फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) फट मोजा. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरा, दुसऱ्या गाडीचा नको.

धूर कधी येतो त्यावरूनही बरंच कळतं. पहिल्या स्टार्टला येऊन जातो, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की येतो, तर व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणारं सील) किंवा गाइड (तो दांडा ज्यात सरकतो ती नळी). चढावर जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. तुमचं वर्णन पहिल्यात बसतं, पण ती धूळ आत गेलीय म्हणून रिंगांना आत्ताच क्लीन चिट देणार नाही.

फट बरोबर करून मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. मात्र बऱ्याच सिंगल सिलिंडर गाड्यांत ऑटो डीकॉम्प्रेशन (स्टार्ट करताना दाब आपोआप थोडा सोडणारी सोय) असतं, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. म्हणून माझा भरवसा लीक-डाऊन टेस्टवर. टीडीसीला सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा. हवा भरताना क्रँक फिरू शकतो, मागचं चाक आणि तुमचा हात सांभाळा.

तोवर दर ३०० किमीला ऑइल बघा, गाडी सरळ उभी करून. साइड स्टँडवर माप चुकतं. छोट्या इंजिनाला ऑइलच कमी, त्यातून पाव लिटर गेलं की मोठा घाटा असतो.

प्रतिसाद ३

इंजिनाच्या नादात बाकीचं विसरू नका. अशा गाड्या नुसत्या इंजिनामुळे निकामी होत नाहीत. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा भाग) आणि त्याला मागच्या सस्पेन्शनशी जोडणाऱ्या लिंकेजचे बेअरिंग खोलून ग्रीस केले नाहीत की बोल्ट आतल्या स्लीव्हमध्ये गंजून जाम होतो, मग कापूनच काढावा लागतो. ११ वर्षांत एकदाही खोललं नसेल तर हेच काम आधी घ्या. प्रेशर वॉशर तिथे मारत असाल तर बंद करा. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा, मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोन सेट (हँडलचे बेअरिंग) गेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्रॉकेट १४ चं लावलं. लिंकेजचा एक बोल्ट खरंच हलत नव्हता. दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहिले तेव्हा सुटला. आतलं बेअरिंग लाल भुकटी झालेलं होतं.

एक्झॉस्टला फट जवळपास शून्य! सर्वांत पातळ फीलरही जाईना. फट नीट केल्यावर गरम असतानाही लगेच सुरू होते. काल ओळखीच्या एका मेकॅनिककडे लीक-डाऊन केली, मीही कान लावून बसले होते. ब्रीदरमधून अगदी थोडी हवा, सायलेन्सरमधून मात्र स्पष्ट फुसफुस. म्हणजे रिंगा वाचल्या असं धरू का?

प्रतिसाद २

चालत्या इंजिनात ब्रीदरमधून थोडी हवा येतेच. तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कामासाठी हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) काढावंच लागेल, तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर नख उभं-आडवं फिरवून बघा. उभे ओरखडे नखाला लागले नाहीत आणि होनिंगच्या (सिलिंडर घासून तयार करतानाच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर ब्लॉकला हात लावू नका. व्हॉल्व्ह, सील, सीटचं काम करा. गाइडचा खेळ मोजल्याशिवाय नुसती सीलं बदलू नका, गाइड ढिली असली तर नवी सीलं थोड्याच दिवसांत जातात. एवढं नीट झालं आणि फिल्टर पुन्हा तिरका बसला नाही, तर आणखी ४०-५० हजार किमीची आशा ठेवायला माझी हरकत नाही. पुढे रिंगा गेल्याच तर पिस्टन आणि बोअरचं काम होतं, त्यासाठी गाडी मोडीत काढावी लागत नाही.

धागाकर्ती

शनिवारी हेड उतरवतोय. सिलिंडरचे फोटो आणि गाइडचं माप इथेच टाकते.