खुनाला फाशी हवीच का? नाशिकच्या खटल्यावरून

सायली: खुन्याला फाशीच हवी, असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. नाशिकच्या खटल्याचा निकाल वाचल्यापासून म्हणवत नाही. जून २००३, रात्री झोपडीवर दरोडा, एकाच घरात पाच जीव गेले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता! आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला असता तर?

पेठेतला श्री: पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी तिथेच चौथीत होतो. दिवेलागणीला दार बंद, आतून कडी, कडीखाली पाटा टेकवलेला. दूधवाल्यालासुद्धा आई आधी खिडकीतून बघायची. दहा खून. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवडा तुरुंगात ते चौघे खुनी फासावर गेले, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "सुटलो." त्या चौघांबद्दल कुणाच्या मनात शंका होती? एका खटल्यात चूक झाली म्हणून शिक्षाच काढून टाकायची हे मला पटत नाही.

पंचगंगाकाठ: श्रींना पूर्ण अनुमोदन. आमच्या कोल्हापूरकडच्या गावित बहिणींचं बोला. तेरा मुलं पळवली, त्यातली काही मारून टाकली. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि २०२२ ला फाशीची जन्मठेप झाली, का तर दयेच्या अर्जावर सरकारने जवळजवळ आठ वर्षं घालवली. फाइल टेबलावर पडून राहिली, त्यात त्या लेकरांच्या आईबापांचा काय दोष?

सायली: काहीच नाही, आणि तो राग मलाही येतो. पण श्री, शंका नाही असं २००९ मध्ये नाशिकच्या सहा जणांबद्दलही ठरलंच होतं की. त्या हल्ल्यातून वाचलेल्या घरातल्या आईने लगेचच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटो-अल्बममधले वेगळेच चौघे ओळखले होते. तो धागा पोलिसांनी धरलाच नाही.

पंचगंगाकाठ: मग तुमचं भांडण पोलिसांशी आहे, फाशीशी नाही.

सायली: फाशी पोलिसांच्याच कागदांवर उभी राहते हो. सुटलेल्यांना तरी पाच-पाच लाखांची भरपाई द्यायला कोर्टाने राज्याला सांगितलं, म्हणजे सोळा वर्षांचं काहीतरी परत करता आलं, कारण ते जिवंत होते. आणि त्या आईला काय मिळालं? तिने बोट ठेवलं होतं त्या चौघांकडे वेळेत कुणी गेलंच नाही.